अब्बांची वही, सरांचा फळा

हिशेबावर बोलायला कवीला बोलावलं म्हटल्यावर माझ्या घरातच हसू झालं. माझं शिक्षण बीए, तेही मराठी घेऊन. पण बीएला जाण्याआधी अकरावी-बारावीची दोन वर्षं मी कोल्हापुरात कॉमर्सला काढली आहेत. त्या दोन वर्षांत जे शिकलो त्यानं माझं पोट कधी भरलं नाही, आणि तरी ते विसरताही आलं नाही. आज त्याविषयीच बोलतो. रेडिओवर फळा नसतो, तेव्हा आकडे जरा कानांनीच लिहून घ्यावे लागतील.

आमचं लक्ष्मीपुरीच्या बाजूला गाद्या-उशांचं छोटं दुकान होतं. कापूस पिंजायचं एक यंत्र, शिलाईला एक मशिन, कामाला एक माणूस आणि अब्बा. १९८६ साली मी दहावी झालो तेव्हा अब्बांनी सांगितलं, ‘कॉमर्सला जा, दुकानाचा हिशेब तरी नीट लिहिशील.’ अब्बा मराठी चौथी शिकलेले. त्यांची एक शंभर पानी वही होती. तिच्यात ‘कागलवाले मास्तर, गाद्या दोन, पैकी शंभर आले’ अशा ओळी असायच्या. मास्तरांचं नाव नाही, तारीख नाही. ‘ऊसबिल आल्यावर’ असा एक शेरा मात्र बऱ्याच ओळींपुढं असायचा. आमच्या भागातल्या उधारीची ती खरी मुदत. ऊस कारखान्याला घातल्यापासून चौदा दिवसांत शेतकऱ्याला पैसे द्यावेत असं १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो, पण अब्बांच्या वहीला तो आदेश माहीत नव्हता.

कॉलेजात पहिल्या तासाला सरांनी फळ्यावर विषयाचं नाव लिहिलं, ‘पुस्तपालन व लेखाकर्म’. वर्गात शांतता. मग सर म्हणाले, ‘घाबरू नका, कीर्द-खतावणीच आहे.’ तेव्हा मागच्या बाकावर बसलेला माझा एक मित्र हसला. त्याच्या वडिलांची शाहू मार्केट यार्डात गुळाची अडत होती. कीर्द-खतावणी त्यानं लहानपणापासून पाहिलेली. पण पुढं महिनाभर सगळ्यांत जास्त गोंधळ उडाला तो त्याचाच. का, ते सांगतो, कारण हिशेबशास्त्राची सगळी गंमत त्या गोंधळात आहे.

सरांनी तीन नियम पाठ करायला दिले. व्यक्तीचं खातं असेल तर घेणारा नावे, देणारा जमा. मालमत्तेचं खातं असेल तर येईल ते नावे, जाईल ते जमा. आणि खर्च-उत्पन्नाचं खातं असेल तर खर्च आणि तोटे नावे, उत्पन्न आणि नफे जमा. आता एखाद्या गिऱ्हाइकानं शंभर रुपये रोख आणून दिले. रोकड ही मालमत्ता, ती आली, म्हणजे रोख खातं नावे. इथं माझा मित्र उभा राहिला. ‘सर, पैसे आले की आमचे मुनीमकाका जमेला लिहितात. तुम्ही नावे कसे काय लिहिता?’

सरांनी उत्तर दिलं नाही. ‘उद्या मुनीमकाकांची कीर्द बघून ये,’ एवढंच म्हणाले. दुसऱ्या दिवशी तो एकटाच जायला कंटाळत होता म्हणून मीही गेलो. गुळाचा हंगाम होता, दुकानापुढं रव्यांच्या थप्प्या लागलेल्या. मुनीमकाका लाल कापडी बांधणीची लांबट वही मांडीवर घेऊन बसलेले. डाव्या बाजूला वर कालची शिल्लक, तिच्याखाली ज्यांनी ज्यांनी पैसे दिले त्यांची नावं, ती सगळी जमा. उजव्या बाजूला ज्यांना दिले त्यांची नावं, ते सगळं नावे. संध्याकाळी डावीकडून उजवी बाजू वजा केली की राहील ते गल्ल्यात असायला पाहिजे. काकांनी वही फिरवून आम्हाला दाखवली आणि म्हणाले, ‘पैसे जमा नाहीत रे पोरांनो. माणूस जमा आहे.’

उलगडा त्या एका वाक्यात होता. समजा एका पाटलांनी शंभर रुपये दिले. मुनीमकाका लिहिणार, ‘पाटील, जमा शंभर.’ सर लिहिणार, ‘रोख खातं नावे शंभर, पाटलांचं खातं जमा शंभर.’ पाटील दोन्हीकडं जमाच आहेत. फरक एवढाच की रोकडीची ओळ मुनीमकाका वेगळी लिहीत नाहीत, कारण त्यांची कीर्द हेच रोकडीचं खातं. त्यात आपल्या देशी वहीत जमेची बाजू डावी आणि इंग्रजी खात्यात नावेची बाजू डावी, त्यामुळं पोरांची मान वाकडी होते. मित्रानं हे वर्गात सांगितलं तेव्हा सर म्हणाले, ‘आता नियम पाठ नाही केलास तरी चालेल.’

प्रत्येक व्यवहाराला दोन टोकं असतात आणि दोन्ही लिहायची, ही झाली दुहेरी नोंद. गादीसाठी कापूस आणला, तर दुकानात कापूस आला हे एक टोक आणि रोकड गेली किंवा व्यापाऱ्याचं देणं झालं हे दुसरं. इटलीतल्या व्यापाऱ्यांत ही रीत फार आधीपासून होती. लुका पाचोली नावाच्या फ्रान्सिस्कन साधूनं ती १४९४ साली व्हेनिसमध्ये छापलेल्या आपल्या गणिताच्या ग्रंथात व्यवस्थित मांडून दाखवली. हा साधू लिओनार्दो दा विंचीचा स्नेही. त्यानं रीत शोधली नाही, समजावून सांगितली. पण शिकवणाऱ्याचं नाव टिकलं आणि वापरणारे व्यापारी विसरले गेले. ज्या आकड्यांत ते व्यापारी हिशेब लिहीत होते ते आपले, भारतातले. अरबांमार्फत ते पश्चिमेकडं गेले, आणि पिसाच्या लिओनार्दोनं, म्हणजे फिबोनाचीनं, १२०२ च्या आपल्या पुस्तकात युरोपला ते समजावून दिले. उत्तर आफ्रिकेतल्या बंदरात त्याचं बालपणीचं शिक्षण झालं होतं.

आणि शब्दांची ये-जा उलट दिशेनं झाली. मला भाषेचा नाद, म्हणून मी वहीच्या मागच्या पानावर तेव्हा एक यादी करायचो. जमा, बाकी, रक्कम, हिशेब, वसूल, तपशील, नगद, सगळे शब्द अरबी मुळाचे. दफ्तर तर मूळचं ग्रीक, फारसीतून आपल्याकडं आलेलं. आणि नावे, देणं, उचल, भांडवल हे आपले मराठमोळे. उधार हा शब्द संस्कृतातल्या उद्धारापासून आला असं कळलं तेव्हा मी अब्बांना ते कौतुकानं सांगितलं. अब्बा कापूस पिंजत होते. म्हणाले, ‘उद्धार घेणाऱ्याचा होतो, देणाऱ्याचं काय ते शब्दकोशात बघ.’

पुढचा धडा मात्र मला कवितेसारखा वाटला. त्याला व्यवसायाचं स्वतंत्र अस्तित्व म्हणतात. दुकान वेगळं आणि दुकानाचा मालक वेगळा, असं धरून हिशेब लिहायचा. मालकानं घातलेलं भांडवल म्हणजे दुकानानं मालकाकडून घेतलेलं देणं. म्हणूनच ताळेबंदात भांडवल देण्यांच्या बाजूला येतं. कॉमर्सच्या प्रत्येक विद्यार्थ्याला पहिल्यांदा हे उलटं वाटतं, की आपलेच पैसे देणं कसे? पण एकदा दुकानाला माणूस मानलं की सगळं सुरळीत बसतं. दुकानाजवळ जी मालमत्ता आहे, ती कुणाची तरी देणी आहे. काही बाहेरच्यांची, उरलेली मालकाची. मालकानं गल्ल्यातून भाजीला वीस रुपये घेतले तर तो खर्च नव्हे, ती उचल. गंमत म्हणजे अडतीवर उचल म्हणजे शेतकऱ्यानं आधी घेतलेली रक्कम. तेव्हा गूळ विकला गेला की अडत, हमाली, तोलाई आणि ही उचल कापून उरलेल्या रकमेची पट्टी त्याच्या हातात पडायची. एकच शब्द, कुणी कुणाकडून उचललं एवढाच फरक.

तेरीज शिकताना आमचे हाल झाले. सगळ्या खात्यांच्या बाक्या काढायच्या, नावेच्या एका बाजूला, जमेच्या दुसऱ्या बाजूला, आणि बेरजा जुळल्या पाहिजेत. जुळत नाहीत. मग सर युक्त्या सांगायचे. फरकाला नवानं भाग जात असेल तर आकड्यांची अदलाबदल शोधा. चोपन्नच्या जागी पंचेचाळीस लिहिलं की नऊचा फरक पडतो, आणि अशी अदलाबदल कोणत्याही आकड्यांत झाली तरी फरक नवाच्या पटीतच येतो. फरक सम असेल तर त्याच्या निम्मी रक्कम शोधा, ती चुकीच्या बाजूला पडली असेल. रात्री बारा वाजता अशी एक चूक सापडल्यावर मी ओरडलो होतो आणि अम्मा दचकून उठली होती. नाथांची गोष्ट तुम्हाला माहीतच आहे. देवगिरीवर जनार्दनस्वामींच्या दफ्तरातली एका पैची चूक सापडली तेव्हा एकनाथांनी मध्यरात्री आनंदानं टाळी वाजवली म्हणतात. गुरूंनी त्यावर परमार्थाचा उपदेश केला. कॉमर्सच्या पोराला त्यात दुसरंच दिसतं. नाथांनी ती पै उचंत खात्यात टाकून दिवा मालवला नाही!

उचंत खातं म्हणजे काय तेही सांगायला हवं. तेरजेतला फरक सापडत नसेल तर तो तात्पुरता एका वेगळ्या खात्यावर टाकतात आणि पुढं चूक सापडली की ते खातं मिटवतात. आणि याहून महत्त्वाचं एक. तेरीज जुळली म्हणजे हिशेब बरोबर, असं नाही. एखादा व्यवहार मुळातच लिहायचा राहून गेला, तर तो दोन्ही बाजूंना नसतो. तेरीज आनंदानं जुळते. सर म्हणायचे, ‘लिहिलेली चूक सापडते, न लिहिलेली सापडत नाही.’

बारावीच्या दिवाळीच्या सुट्टीत मला खुमखुमी आली. अडतीवर पाडव्याला वहीपूजन झालेलं मी पाहून आलो होतो. तेव्हा पुष्कळ व्यापाऱ्यांचं वर्ष दिवाळी ते दिवाळी असायचं. १९८९ पासून आयकरासाठी सगळ्यांना मार्चअखेर एकच वर्ष झालं. मी ठरवलं, अब्बांच्या दुकानाचा मागल्या दिवाळीपासूनचा ताळेबंद मांडायचा. अब्बांची वही, कापसाच्या पावत्या, विजेची बिलं, अम्माच्या डब्यातल्या चिठ्ठ्या, सगळं गोळा केलं. आठ दिवस लागले. तो कागद अजून माझ्याजवळ आहे, म्हणून आकडे सांगतो.

विक्री, रोख आणि उधार मिळून, ४१,२०० रुपये. इथं उधारही धरायची, कारण पैसे कधी आले यापेक्षा माल कधी दिला हे हिशेबात महत्त्वाचं. वापरलेला कापूस आणि कापड २४,५००. मजुरी ४,८००. भाडं १,८००. वीज आणि किरकोळ १,३००. आणि घसारा. यंत्र सहा हजारांचं, दहा वर्षं चालेल असं धरलं, तर दर वर्षी त्यातलं सहाशे रुपयांचं यंत्र झिजून जातं. ते कुणी मागायला येत नाही, तरी खर्चच. एकूण खर्च ३३,०००. नफा ८,२००. मी खूश झालो. मग उचल मांडली. घरखर्चाचे रोजचे सरासरी पंचवीस रुपये, वर्षाचे ९,१२५. माझी फी, पुस्तकं, गाइडं मिळून ४७५. एकूण ९,६००. म्हणजे नफ्याहून १,४०० रुपये जास्त. दुकान तोट्यात नव्हतं, पण आम्ही घरातले चौघं त्याला वर्षभर थोडं थोडं खात होतो. बाहेरून काहीच दिसत नव्हतं. यंत्र जागेवर होतं, गल्ला वाजत होता.

याला सावधगिरीचं तत्त्व जोडलं तर आणखी वाईट. ते तत्त्व असं की येऊ घातलेला नफा मोजायचा नाही, आणि होऊ शकणारा तोटा मात्र आधीच धरायचा. शिल्लक मालाची किंमतही खरेदी आणि बाजारभाव यांतली जी कमी असेल ती. अब्बांच्या वहीत तीन वर्षांहून जुनी २,३०० रुपयांची उधारी होती. ती बुडीत धरली तर ८,२०० चा नफा ५,९०० वर येत होता. मी लाल पेननं ‘बुडीत’ असं लिहून कागद अब्बांपुढं ठेवला. त्यांनी चष्मा लावून तो सावकाश वाचला. आम्ही घरात दखनी बोलतो, पण तो कागद मराठीत होता आणि अब्बा त्यावर मराठीतच बोलले, जसं गिऱ्हाइकाशी बोलत तसं. ‘माझी मजुरी कुठं लिहिलीस?’ मी सांगितलं, मालकाची मजुरी खर्चात धरत नाहीत, नफ्यातच ती आली. ‘म्हणजे मी वर्षभर राबलो ते ह्या आठ हजारांतच?’ मी हो म्हटलं. मग त्यांनी बोट लाल अक्षरांवर ठेवलं. ‘हे खोड. ती माणसं मेलेली नाहीत.’

मी खोडलं. हिशेबशास्त्राच्या दृष्टीनं ते चूक होतं आणि मी आजही ते चूकच म्हणेन. उधारी बुडीत लिहिली म्हणून ती माफ होत नाही, मागायचा हक्क जात नाही. आपण स्वतःशी खोटं बोलायचं थांबतो, इतकंच. पण हे अब्बांना सांगायची भाषा मला तेव्हा येत नव्हती. त्या कागदाचा एक परिणाम झाला. बारावीनंतर अब्बांनी मला ‘आता दुकानात बस’ असं कधी म्हटलं नाही. मी बीएला गेलो, शिकवण्या घेतल्या आणि फी स्वतः भरली.

कुराणातली सर्वांत लांब आयत कोणती, असं विचारलं तर पुष्कळांना वाटेल की नमाजाची किंवा रोज्याची असेल. ती आहे दुसऱ्या सूरेतली दोनशे ब्याऐंशीवी, आणि तिचा विषय आहे उधारी. मुदतीचं देणंघेणं कराल तर लिहून ठेवा, लिहिणाऱ्यानं न्यायानं लिहावं, दोन साक्षीदार घ्यावेत, रक्कम लहान असली तरी कंटाळा करू नये, असा तिचा आशय. आणि माणूस गेल्यावर वारसांची वाटणी नंतर, त्याचं देणं आधी. १९९६ साली अब्बा गेले तेव्हा अम्मानं तिसऱ्या दिवशी मला विचारलं ते हेच, ‘किसका देना है क्या देख.’

मी वही काढली. वहीत येणं सगळं होतं, देणं एकही नव्हतं. देणी अब्बा डोक्यात ठेवत. मग मी कापसाच्या व्यापाऱ्याकडं गेलो. त्यांनी खतावणी उघडून अब्बांच्या नावाचं पान काढलं. तारखेसह सगळं लिहिलेलं, शेवटी बाकी ३,७४० रुपये. माझ्या मनात आलं, आपल्या माणसाचा अर्धा हिशेब दुसऱ्याच्या वहीत असतो. त्यांची येणी आणि आमची देणी, एकाच रकमेची दोन टोकं. तुकोबांनी वडिलोपार्जित सावकारीचे आपल्या वाट्याचे कागद इंद्रायणीत बुडवले असं म्हणतात, पण ते येण्याचे कागद होते. देण्याचे कागद बुडवता येत नाहीत, ते आपल्याजवळ नसतातच. आम्ही यंत्र विकलं आणि तीन महिन्यांत ती बाकी फेडली. यंत्राचे दीड हजार आले. माझ्या घसाऱ्याच्या हिशेबानं त्याची किंमत तोवर शून्य झालेली होती, म्हणजे तेवढा नफाच म्हणायचा.

दुकान दुसऱ्यानं घेतलं. घेणाऱ्यानं पागडी दिली ती जागेची. व्यवसायाच्या नावलौकिकाला हिशेबात ख्याती म्हणतात, आणि ती विकत घेतली तरच पुस्तकात लिहिता येते. स्वतः कमावलेली ख्याती ताळेबंदात येत नाही, असा नियमच आहे.

चाळिसाव्याच्या आसपास करवीर तालुक्यातल्या एका गावाहून एक म्हातारे गृहस्थ घरी आले. ऊसबिल आलं होतं. त्यांनी धोतराच्या सोग्यातून साठ रुपये काढून अम्मापुढं ठेवले. एका रजईचे राहिले होते म्हणाले. मी वही उघडली आणि सगळी पानं पाहिली. त्यांचं नाव, गाव, रजई, काहीच नव्हतं. मी त्यांना तसं सांगितलं. ते म्हणाले, ‘तुमच्याकडं नसंल लिवलेलं, माझ्या ध्येनात हाय.’

ते गेल्यावर मी सवयीनं नोंद करायला बसलो. रोख खातं नावे साठ. दुसरी ओळ लिहिता येईना. त्यांचं खातंच नव्हतं, मग जमा कुणाची करायची? त्या आठवड्यात निवृत्त झालेल्या आमच्या सरांना भेटलो आणि विचारलं. सर थोडा वेळ विचार करून म्हणाले, ‘रजई दिली ते वर्ष कोणतं?’ मी म्हटलं, माहीत नाही. ‘मग त्या वर्षीचा तुझा नफा चुकलाय,’ सर म्हणाले, ‘साठ रुपयांनी कमी दाखवलायस.’ आणि चहा मागवला.